क्रूझवर चढण्यापूर्वी : सुरक्षा तपासणी कशी होते आणि सामानात काय ठेवू नये

विमानप्रवासाची सवय झालेला माणूस क्रूझची बॅग हमखास चुकीची भरतो. शांपूची १०० मिलिलिटरची बाटली शोधत तो दुकाने पालथी घालतो, नखे कापण्याची छोटी कात्री घरी ठेवतो आणि मोठ्या सुटकेसमध्ये प्रवासी इस्त्री, चहाची इलेक्ट्रिक किटली आणि एक्स्टेंशन बोर्ड निर्धास्तपणे कोंबतो. जहाजावर शांपूची मोठी बाटली आणि ती कात्री दोन्ही चालली असती. अडतात त्या नेमक्या शेवटच्या तीन वस्तू. विमानाच्या सामानकक्षातून बिनबोभाट जाणारी इस्त्री जहाजाच्या दारात का थांबते, हे एकदा समजले की पुढची यादी पाठ करावी लागत नाही, म्हणून आधी ते पाहू.

जहाजावरच्या तपासणीला दोन भीती आहेत. पहिली शस्त्रांची. ऑक्टोबर १९८५ मध्ये ‘अकिले लाउरो’ या इटालियन प्रवासी जहाजाचे इजिप्तच्या किनाऱ्याजवळ अपहरण झाले, आणि ते करणारे चौघे सशस्त्र पॅलेस्टिनी जेनोवा बंदरातून चक्क तिकीट काढलेले प्रवासी म्हणून चढले होते. एका वयस्क अमेरिकी प्रवाशाला त्यांनी ठार केले. त्यानंतर प्रवासी जहाजांच्या सुरक्षेबाबत आंतरराष्ट्रीय स्तरावर पहिल्या मार्गदर्शक सूचना आल्या, आणि सप्टेंबर २००१ मधील अमेरिकेतील हल्ल्यांनंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने डिसेंबर २००२ मध्ये जहाजे व बंदरांसाठी सुरक्षा संहिताच मंजूर केली. १ जुलै २००४ पासून ती बंधनकारक आहे. बंदरावर आणि जहाजावर नेमलेला सुरक्षा अधिकारी, प्रवासी व सामानाची तपासणी, धोक्याच्या तीन पातळ्या, हे सारे त्या संहितेतून आले आहे. पहिली पातळी नेहमीची; पातळी वाढली की तपासणी कडक होते आणि रांग लांबते, त्यात समोरच्या कर्मचाऱ्याच्या मर्जीचा भाग नसतो.

दुसरी भीती आगीची, आणि सामान्य प्रवाशाच्या बॅगेतील बहुतेक वस्तू याच भीतीपायी अडतात. भर समुद्रात अग्निशमन दलाची गाडी येत नाही. जे विझवायचे ते जहाजावरच्या कर्मचाऱ्यांनीच, आणि तेही हजारो माणसे झोपलेली असताना. २३ मार्च २००६ रोजी पहाटे जमैकाजवळ ‘स्टार प्रिन्सेस’ या जहाजाच्या एका बाल्कनीत आग लागली आणि बघता बघता अनेक मजल्यांवर पसरली. शेकडो केबिनींना झळ बसली, एका प्रवाशाचा मृत्यू झाला. चौकशीत सर्वांत संभाव्य कारण निघाले ते कोणीतरी विझवल्याविना टाकलेले सिगारेटचे थोटूक. हे लक्षात घेतले की केबिनमधल्या निरांजनाला कर्मचारी एवढे का घाबरतात, ते वेगळे सांगावे लागत नाही.

बॅग भरण्याआधी

निघण्याच्या किमान आठवडाभर आधी दोन गोष्टी वाचाव्यात. एक म्हणजे आपल्या क्रूझ कंपनीची निषिद्ध वस्तूंची यादी. ती कंपनीगणिक बदलते, दरवर्षी थोडी वाढते, आणि सहल कंपनीने दोन वर्षांपूर्वीच्या गटाला दिलेली छापील माहिती त्यासाठी पुरेशी नसते. दुसरी गोष्ट म्हणजे जहाज ज्या देशांत थांबणार आहे तेथील कायदे. जहाजावर चालणारी वस्तू किनाऱ्यावर गुन्हा ठरू शकते, आणि तिथे कंपनी तुमच्या मदतीला येऊ शकत नाही.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना हे विशेष सांगण्याचे कारण म्हणजे आपल्याकडचे बरेच प्रवासी सिंगापूर किंवा दुबईहून सुटणाऱ्या क्रूझ घेतात. सिंगापूरमध्ये ई-सिगारेट आणि चघळण्याची तंबाखू या दोन्हींवर बंदी आहे. तिथे तंबाखूच्या पुडीला ‘आजोबांची सवय’ म्हणून सूट मिळत नाही. संयुक्त अरब अमिरातीत खसखस निषिद्ध आहे. दुबईचा क्रूझ हंगाम हिवाळ्याचा, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीला अगदी सोयीचा, आणि दिवाळीच्या डब्यात अनारसे असतात. अनारशाला खसखस लागते हे तिथल्या सीमाशुल्क अधिकाऱ्याला समजावत बसण्यापेक्षा अनारसे परत आल्यावर खावेत. ई-सिगारेटवर भारतातही २०१९ पासून कायद्याने बंदी आहे, त्यामुळे मुंबईहून निघणाऱ्यांसाठीही तो प्रश्न निकालात निघालेला आहे.

आग आणि वीज

तापणारी प्रत्येक वस्तू संशयास्पद, असा ढोबळ नियम धरावा. इस्त्री, कपड्यांना वाफ देणारे यंत्र, किटली, पाण्यात बुडवायचा हीटर, छोटा राइस कुकर, इंडक्शन शेगडी, टोस्टर आणि गरम पांघरूण यांपैकी काहीही नेऊ नये. केस वाळवण्याचा ड्रायर व केस सरळ करण्याचे यंत्र बहुतेक कंपन्या चालवून घेतात; ड्रायर तर केबिनमध्ये बहुधा असतोच. इस्त्रीसाठी जहाजावर लाँड्रीची सोय असते. चहाचे म्हणाल तर बुफेत गरम पाणी दिवसभर मिळते, तेव्हा घरची चहापूड आणि सुंठ नेली की किटलीवाचून अडत नाही.

एक्स्टेंशन बोर्डाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण सुशिक्षित प्रवासी सर्वाधिक वाद घालतात तो याच वस्तूवरून. ‘हा साधा बोर्ड नाही, सर्ज प्रोटेक्टर आहे, उलट जास्त सुरक्षित आहे,’ असा त्यांचा मुद्दा असतो. घरी तो बरोबर आहे. घरच्या वायरिंगमध्ये एक तार फेजची आणि दुसरी न्यूट्रल असते, न्यूट्रल जमिनीशी जोडलेली असते, आणि सर्ज प्रोटेक्टर हे गृहीत धरूनच बनवलेला असतो. अनेक जहाजांत मात्र दोन्ही तारांत विद्युतदाब असतो आणि दोहोंपैकी कोणतीही जहाजाच्या लोखंडी सांगाड्याशी जोडलेली नसते. अशा ठिकाणी बिघाड झाला तर तो प्रोटेक्टर एकच तार तोडतो, दुसऱ्या तारेतून वीज येतच राहते, आणि आतले भाग तापून पेट घेऊ शकतात. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ मध्ये याविषयी स्वतंत्र इशारा काढला होता. काही कंपन्यांनी त्यापुढे जाऊन साधे एक्स्टेंशन बोर्डही बंद केले आहेत. दोन-तीन यूएसबी तोंडांचा चार्जर आणि त्या जहाजाच्या सॉकेटला बसेल असा साधा अ‍ॅडॉप्टर एवढ्यावर भागते. ज्यांना झोपेत श्वासासाठी यंत्र लागते त्यांनी कंपनीला आधी कळवावे. लागणारी लांब वायर जहाजाकडूनच मिळण्याची व्यवस्था होते.

ज्योतीच्या वस्तूंना अपवाद नाही. मेणबत्ती, उदबत्ती, धूप, कापूर, समई, निरांजन यांपैकी काहीही केबिनमध्ये लावता येत नाही आणि तपासणीत सापडले तर काढून घेतले जाते. रोजच्या पूजेचा नेम असलेल्या ज्येष्ठांना हे आधीच सांगावे. बंदरावर रांगेत उभे असताना सांगितले तर मनाला लागते. बॅटरीवर चालणारा दिवा चालतो. फटाके, फुलबाज्या, वाढदिवसाच्या केकवर तडतडणाऱ्या शलाका आणि पेट्रोल किंवा गॅसची कोणतीही टाकी यांना अर्थातच मनाई आहे.

धारदार वस्तू, खेळणी आणि उपकरणे

बंदुका, काडतुसे, सुरे, तलवारी यांविषयी लिहिण्याची गरज नाही. घोळ होतो तो किरकोळ वस्तूंचा. दाढीचे साधे रेझर आणि चार इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटरपेक्षा, लहान पात्याची कात्री साधारणपणे चालते. स्वयंपाकघरातली सुरी मात्र फळे कापण्यासाठी असली तरी चालत नाही. अडकित्ता कुठल्याच यादीत नाव घेऊन लिहिलेला आढळणार नाही, पण एक्स-रेच्या पडद्यावर तो जसा दिसतो तसा पाहणाऱ्याला आवडण्यासारखा नाही. तो घरी ठेवावा. मिरचीचा स्वसंरक्षण फवारा, विजेचा झटका देणारी उपकरणे आणि हातकड्या सर्वत्र निषिद्ध आहेत. मुलांचे टिकल्यांचे पिस्तूल हेदेखील ‘शस्त्राची प्रतिकृती’ म्हणून अडते, आणि ते जप्त होताना पाच वर्षांच्या मुलाची समजूत कोण काढणार, हा विचार घरीच केलेला बरा.

ड्रोन काही कंपन्या आणू देतात पण जहाजावर उडवू देत नाहीत, काही थेट जमा करून घेतात. चाकांवर आपोआप चालणाऱ्या होव्हरबोर्डला बॅटरीच्या धोक्यामुळे बंदी असते. उपग्रह फोनबाबत मात्र विशेष सावध राहावे. सरकारी परवानगीशिवाय थुराया वा इरिडियमचा फोन भारतात बाळगणे बेकायदा आहे, आणि परदेशस्थ नातेवाइकाने हौसेने दिलेल्या अशा फोनमुळे प्रकरण क्रूझ कंपनीच्या हाताबाहेर जाते.

खाणे, पिणे, औषधे

घरी शिजवलेले अन्न जहाजावर नेऊ दिले जात नाही. पुरणपोळ्या, थालीपीठ, डब्यातला चिवडा, कापलेली फळे हे सारे त्यात आले. कंपनीच्या सीलबंद पाकिटातला चिवडा किंवा बाकरवडी बहुधा चालते. पोटाच्या साथीचा आजार बंद जहाजावर भराभर पसरतो, म्हणून कंपन्या इथे कडक असतात. एके काळी भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकणबोटीत माणसांइतकाच फणसांचा आणि टोपल्यांचा प्रवास होत असे. ती सवय आता मोडावी लागते. तान्ह्या बाळाचे अन्न आणि वैद्यकीय कारणाने लागणारा विशेष आहार याला सूट असते, पण तेही आधी कळवलेले बरे.

मद्याबाबत नियम वेगवेगळे आहेत. रॉयल कॅरिबियन किंवा कार्निव्हलसारख्या कंपन्या प्रवास सुरू होताना प्रत्येक प्रौढाला ७५० मिलिलिटरची वाइनची एक बाटली हातसामानातून नेऊ देतात. व्हिस्की, रम, व्होडका कुणालाच नाही. अनेक कंपन्या काहीच चालवून घेत नाहीत. माउथवॉशच्या बाटलीत निळा रंग घालून व्होडका नेण्याची युक्ती एवढी जुनी झाली आहे की तपासणारे बाटलीचे झाकण आधी पाहतात.

औषधे नेहमी हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत. चिठ्ठीवर औषधाच्या व्यापारी नावासोबत मूळ घटकाचे नाव लिहून घ्यावे, कारण भारतातले व्यापारी नाव परदेशात कुणी ओळखत नाही. कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके काही देशांत, विशेषतः आखातात, नियंत्रित आहेत. वैद्यांकडची सुटी चूर्णे पुडीत बांधून नेऊ नयेत. लेबल असलेली सीलबंद बाटली घ्यावी आणि तिच्या घटकांत ‘विजया’, म्हणजे भांग, नाही ना हे वाचून पाहावे. भांग-गांजाचे कोणतेही रूप, तेलदेखील, जहाजावर चालत नाही, मग ते घेतलेल्या देशात कायदेशीर का असेना. भारतात १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा जहाजाच्या दारातही लागू असतो आणि तिथे कारवाई पोलिसांकडे जाते. इन्सुलिनच्या सुयांसाठी जहाजावर वेगळा डबा मिळतो. केबिन साफ करणाऱ्याला तो मागावा, कचऱ्यात सुया टाकू नयेत.

बंदरावरचा दिवस

मुंबईहून निघणार असाल तर बॅलार्ड पिअरला यावे लागते. तिथल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. ऑनलाइन चेक-इन करताना मिळालेली वेळ पाळावी. लवकर येऊन काही साधत नाही, उशीर केला तर मात्र जहाज थांबत नाही. बहुतेक कंपन्या सुटण्याच्या एक-दीड तास आधी चेक-इन बंद करतात.

पहिल्यांदा सामान दोन भागांत विभागले जाते. मोठ्या सुटकेसवर केबिन क्रमांकाचा टॅग लावून ती पोर्टरकडे द्यायची; ती वेगळ्या वाटेने एक्स-रे होऊन संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी येते. म्हणून पासपोर्ट किंवा आधार कार्ड, तिकीट, औषधे, दागिने, रोख रक्कम, पॉवर बँक आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या बॅगेतच हवा. पासपोर्ट सुटकेसमध्ये टाकून ती पोर्टरला देणारा एक तरी प्रवासी प्रत्येक फेरीत असतो. सुटकेसला कुलूप लावले असेल तर किल्ली जवळ ठेवा. आत काही संशयास्पद दिसले तर ती तुमच्यासमोर उघडावी लागते.

पुढे ओळखपत्र व तिकीट पाहून आत सोडतात. मग विमानतळासारखीच तपासणी : बॅग एक्स-रे यंत्रातून, माणूस धातुशोधक चौकटीतून, गरज वाटल्यास हातातल्या यंत्राने पुन्हा. मुंबई बंदराची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे. खिसे आधीच रिकामे करून सारे बॅगेत ठेवावे. पेसमेकर असलेल्यांनी चौकटीत शिरण्याआधी ते सांगून डॉक्टरांचे पत्र दाखवावे. महिलांची अंगझडती महिला कर्मचारीच घेतात आणि ती आडोशाला घेण्याची मागणी करता येते. बॉम्बविषयीचा विनोद कितीही सुचला तरी गिळावा.

तपासणीनंतर काउंटरवर तुमचा फोटो काढून जहाजाचे कार्ड देतात. परदेशी जाणाऱ्या जहाजासाठी मध्ये इमिग्रेशन आणि सीमाशुल्क असते. गँगवेवर, म्हणजे जहाजात चढण्याच्या पुलावर, हे कार्ड यंत्राला लावले की पडद्यावर तुमचा फोटो उमटतो, आणि या क्षणापासून जहाजावर कोण आहे व कोण नाही याचा हिशेब या कार्डावर चालतो.

सुटकेस आलीच नाही तर

संध्याकाळी इतरांच्या दाराशी बॅगा आल्या आणि तुमची आली नाही, तर ती हरवलेली असण्यापेक्षा सुरक्षा कक्षात अडकलेली असण्याची शक्यता जास्त. माझ्या पहिल्या क्रूझवर आमच्या आत्याची बॅग अशीच राहिली. जेवणाची वेळ टळून गेली तरी ती चोरीला गेली असे मानून आत्या रडवेली होऊन बसली होती. खाली गेलो तर एका खोलीत चाळीसेक सुटकेसांच्या रांगेत ती होती, आणि आत, साडीच्या घडीत अगदी जपून गुंडाळलेली, तिची इस्त्री. अधिकाऱ्याने ती काढून घेतली, पावती दिली, आणि पाच मिनिटांत आम्ही वर आलो. अशा वेळी स्वतःहून स्वागतकक्षात चौकशी करावी, बॅग आपल्यासमोर उघडू द्यावी, वाद घालू नये आणि पावती मात्र मागून घ्यावी. इस्त्री, किटली यांसारख्या वस्तू बहुधा प्रवासाच्या शेवटी परत मिळतात. शस्त्रे आणि अमली पदार्थ पोलिसांकडे जातात.

मधल्या बंदरांवर उतरून परतताना

चढतानाची तपासणी एकदाच होत नाही. प्रत्येक बंदरावरून परतताना कार्ड, एक्स-रे आणि चौकट पुन्हा असते. गोव्यात उतरून काजू घेतले तर प्रश्न नाही, फेणी घेतली तर ती दाराशी जमा होते आणि शेवटच्या रात्री किंवा उतरताना परत मिळते. शोभेच्या कट्यारी, तलवारीच्या प्रतिकृती यांचेही तेच.

लक्षद्वीपला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना आहे. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा मुलांच्या खिशात सहज जातो, पण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कडक संरक्षण आहे आणि मेलेला तुकडा नेणेही गुन्हा ठरतो. बोटीत बसण्यापूर्वी मुलांचे खिसे आणि वाळूची बादली तपासून घ्या. बंगाराम बेट सोडले तर लक्षद्वीपमध्ये दारूबंदी आहे, तेव्हा जहाजावरून बाटली घेऊन उतरणेही टाळावे.

परतीच्या आदल्या रात्री मोठ्या सुटकेस केबिनबाहेर ठेवायच्या असतात. त्याआधी जमा केलेल्या वस्तूंच्या पावत्या एकत्र करून त्या कुठे आणि किती वाजता मिळणार हे विचारून घ्यावे, कारण उतरण्याच्या सकाळी त्या कक्षासमोर मोठी रांग असते आणि काही कंपन्या मागे राहिलेल्या वस्तू पाठवून देत नाहीत. मुंबईला उतरणाऱ्यांनी फेणीबाबत आणखी एक काम गोव्यातच उरकावे : गोव्यातले मद्य महाराष्ट्रात आणण्यावर राज्य उत्पादन शुल्क खात्याचे निर्बंध आहेत, तेव्हा दुकानदाराकडे वाहतूक परवान्याची चौकशी करून बिल आणि परवाना दोन्ही बाटलीबरोबर ठेवावेत. परवाना मिळत नसेल तर काजूच घ्यावेत.